पडद्यावरचे पाणी आणि त्याचा हिशेब



या व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय निवडण्याची मोकळीक मला दिली, तेव्हा साहित्य, इतिहास किंवा समाजकारण यांपैकी एखादी मळलेली वाट न धरता, संगणकाने चित्रपटाच्या पडद्यावर निर्माण केलेले पाणी हा विषय मी बुद्ध्याच घेतला. ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमतो ते गणिताचे अध्यापक होते. आणि ज्या गणितावर त्यांनी आयुष्य वेचले त्याचीच एक शाखा गेल्या चाळीसपन्नास वर्षांत करमणुकीच्या धंद्यात कशी सुखाने नांदू लागली आहे, हे ऐकून त्यांना नवल वाटले असते आणि, त्यांचा करडा स्वभाव लक्षात घेता, थोडा रागही आला असता. माझे प्रतिपादन प्रारंभीच सांगून टाकतो. निसर्गाचा कोणता नियम पाळल्यावाचून गत्यंतर नाही, आणि कोणता मोडला असता प्रेक्षकाकडून तक्रार येण्याचा संभव नाही, याचा निवाडा ज्यांना अचूक करता आला, त्यांनाच पडद्यावरचे पाणी साधले. नियमांचे काटेकोर पालन करणारे पुष्कळ विद्वान मागे राहिले.

प्रेक्षकाची तक्रार ही येथे क्षुल्लक गोष्ट नव्हे. सिंह किंवा हिमनग प्रत्यक्ष पाहिलेली माणसे थोडी. परंतु पाणी न पाहिलेला मनुष्य नाही, आणि म्हणून या एका बाबतीत प्रत्येक प्रेक्षक हा अनेक वर्षांचा अनुभव गाठीशी असलेला परीक्षक असतो. खोट्या पाण्यात काय चुकले हे त्याला सांगता येत नाही, पण काहीतरी चुकले आहे एवढे तत्काळ समजते. संगणकाच्या पूर्वीच्या काळात जहाजाची लहान प्रतिकृती हौदात सोडून वादळाचे देखावे टिपले जात. या कामी, जहाजांच्या आराखड्यांसाठी एकोणिसाव्या शतकात विल्यम फ्रूड या इंग्रज स्थापत्यविशारदाने बसविलेला हिशेब उपयोगी पडे : प्रतिकृती पंचविसाव्या हिश्शाची असेल, तर लाटांचा काल पंचविसाच्या वर्गमुळाने, म्हणजे पाचपटीने, आखडतो, म्हणून कॅमेरा पाचपट वेगाने फिरवून तो देखावा नेहमीच्या वेगाने दाखवावा, म्हणजे हौदातली लाट समुद्राच्या लाटेप्रमाणे जड आणि संथ भासते. लाटेपुरती ही युक्ती लागू पडे. थेंबापाशी ती फसे. थेंबाचे आकारमान पृष्ठताणाच्या अमलाखाली असते, आणि हौद लहान केला म्हणून पृष्ठताण लहान होत नाही. प्रतिकृतीच्या नाळेवरून उडालेला चार मिलिमीटरांचा थेंब पडद्यावरच्या जहाजाच्या मापाने दहा सेंटिमीटरांचा होतो, आणि जुन्या युद्धपटांतील आरमारी लढाया पाहताना त्या नारळाएवढ्या थेंबांनीच सारे बिंग फोडलेले असते.

संगणकाने प्रथम हात घातला तो समुद्राच्या नुसत्या पृष्ठभागाला. १९८१ साली नेल्सन मॅक्स यांनी ‘कार्लाज आयलंड’ या लघुपटात सूर्यास्ताच्या प्रकाशात हलणारा समुद्र दाखविला. तो तयार झाला कॅलिफोर्नियातील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत, जिचा मुख्य व्यवसाय अण्वस्त्रांच्या संशोधनाचा होता. पुढे १९८६ साली आलँ फूर्निए आणि विल्यम रीव्ह्‌स यांनी लाटांचा जो नमुना सादर केला त्याचे मूळ प्रागचे अध्यापक फ्रान्झ योसेफ गेर्स्टनर यांच्या १८०२ च्या विवेचनात आहे. लाट पुढे जाते तेव्हा पाणी पुढे जात नाही. पाण्याचा प्रत्येक कण जागच्या जागी वर्तुळात फिरतो, आणि या फिरण्यामुळे लाटेचा माथा टोकदार व दरी पसरट होते, हे गेर्स्टनरचे म्हणणे. शाळेत शिकविल्या जाणाऱ्या गुळगुळीत वक्ररेषेपेक्षा ही आकृती कितीतरी सागरासारखी दिसते. एकशे चौऱ्याऐंशी वर्षे दप्तरात पडून राहिलेला हा दाखला अशा रीतीने चित्रपटवाल्यांच्या कामी आला.

परंतु एकसारख्या लाटांची रांग म्हणजे समुद्र नव्हे. वारा सुटला की लहानमोठ्या असंख्य लाटा एकमेकींवर स्वार होतात आणि त्यांतली प्रत्येक आपापल्या चालीने चालते. खोल पाण्यात लाटेचा वेग तिच्या लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो : शंभर मीटर लांबीची लाट सेकंदाला सुमारे साडेबारा मीटर, म्हणजे ताशी पंचेचाळीस किलोमीटर धावते, तर एक मीटरची लाट पायी चालणाऱ्या माणसाच्याच गतीने जाते. वादळाचे केंद्र दूर समुद्रात असले की किनाऱ्यावर आधी लांब लाटा येतात, याचे कारण हेच. सागरवैज्ञानिकांनी तरंडे टाकून, अमुक वाऱ्याखाली अमुक लांबीच्या लाटांत किती ऊर्जा असते, याची पैमाईश करून ठेवली होती. १९५८ साली ओवेन फिलिप्स यांनी त्या वाटणीचा एक नियम मांडला; आणि जेरी टेसेनडॉर्फ यांनी नव्वदीच्या दशकात त्या नियमाच्या आधारे समुद्र रचण्याची रीत इतक्या सुबोध टिपणांत लिहून ठेवली की, आजही या धंद्यात शिरणारा उमेदवार पहिली घोकंपट्टी तिचीच करतो. पाचशेबारा गुणिले पाचशेबारा बिंदूंची चौकट घ्यावी, म्हणजे अडीच लाखांवर लाटा झाल्या. प्रत्येकीची उंची नियमाप्रमाणे पण थोड्या यदृच्छेने ठरवावी. प्रत्येकीला तिच्या वेगाने पुढे सरकवावे. आणि सगळ्यांची बेरीज फूरिए-रूपांतराच्या शीघ्र पद्धतीने करावी. ‘वॉटरवर्ल्ड’ आणि १९९७ चा ‘टायटॅनिक’ या चित्रपटांतील विस्तीर्ण जलाशय या रीतीने पसरलेले आहेत. या समुद्रातली कोणतीही विशिष्ट लाट कोठेही कधी उठलेली नाही. तरीपण त्यांच्या समुदायाची वागणूक खऱ्या समुद्राचीच आहे, आणि प्रेक्षकाला समुदायाखेरीज दुसरे काही तपासता येत नाही. निवाडा अचूक म्हणजे काय, त्याचे हे उत्तम उदाहरण होय.

मात्र या रीतीला एक जन्मजात व्यंग आहे. तिच्यात प्रत्येक जागी पाण्याची एकच उंची असते. म्हणून माथ्यावरून वळून कोसळणारी लाट, भांड्यात ओतले जाणारे पाणी, भिंतीवर आदळून परत फिरणारा पूर, यांपैकी काहीच तिला जमत नाही. त्यासाठी पृष्ठभागाखालच्या सगळ्या पाण्याचा कारभार हाती घ्यावा लागतो, आणि त्या मुलखाचा कायदा क्लॉड-लुई नाविए यांनी १८२२ साली आणि जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८४५ साली लिहून ठेवलेला आहे. ही समीकरणे लिहायला अर्धी ओळ पुरते. ती सोडवणे ही गोष्ट वेगळी : त्रिमिती अवकाशात त्यांचे सुरळीत उत्तर सदैव असतेच, हे सिद्ध करणाऱ्यास किंवा खोडून काढणाऱ्यास दहा लक्ष डॉलरांचे बक्षीस अमेरिकेतील क्ले संस्थेने २००० साली जाहीर केले, आणि ते बक्षीस अद्याप शिलकीत आहे. ज्या उत्तराच्या अस्तित्वाची शाश्वती गणितज्ञांना देता येत नाही, ते चित्रपटवाले रोज रात्री काढून सकाळी दिग्दर्शकापुढे ठेवतात, ही वस्तुस्थिती गणिताला मानहानिकारक आहे की गौरवास्पद, याचा निर्णय मी सभेवर सोपवितो.

हे उत्तर काढण्याची जुनी रीत फ्रान्सिस हार्लो आणि जे. एडी वेल्श यांनी लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत १९६५ साली प्रसिद्ध केली. अवकाशाचे लहान लहान घनाकार कोठे पाडावयाचे. प्रत्येक कोठ्याच्या मध्यभागी दाब आणि सहा भिंतींवर येण्याजाण्याचा वेग नोंदवावयाचा. पाणी दाबून लहान होत नाही, निदान प्रेक्षकाला दिसेल इतके होत नाही. तेव्हा प्रत्येक कोठ्याची स्थिती शिलकीस काही न ठेवण्याची ताकीद असलेल्या कुलकर्ण्याच्या खतावणीसारखी होते : जितकी जमा तितकाच खर्च झाला पाहिजे. हिशेब जुळला नाही तर दाब वाढवून जादा पाणी शेजारच्या कोठ्यात लोटावे. पण मग शेजाऱ्याचा हिशेब बिघडतो, त्याच्या शेजाऱ्याचा त्यामुळे बिघडतो, आणि अखेर सर्व कोठ्यांचा ताळेबंद एकदमच जुळवावा लागतो. प्रत्येक बाजूला शंभर कोठे धरले तर दहा लक्ष कोठे होतात, म्हणजे दहा लक्ष अज्ञात दाबांची दहा लक्ष समीकरणे, आणि तीही चित्रपटाच्या एका सेकंदातल्या चोवीस चौकटींपैकी प्रत्येकीसाठी पुनःपुन्हा. कोठ्याची बाजू निम्मी केली की कोठे आठपट होतात. कालाचे पाऊलही निम्मे टाकावे लागत असल्यामुळे काम सोळापट वाढते. पाण्याच्या चित्रणाचा खर्च कोठून येतो असे पुष्कळ लोक विचारतात. तो येथून येतो.

कालाचे पाऊल निम्मे का टाकावयाचे, तर एका पावलात पाण्याने एका कोठ्यापेक्षा जास्त मजल मारू नये म्हणून. कूराँट, फ्रीड्रिख्स आणि लेवी यांनी १९२८ साली घालून दिलेली ही मर्यादा ओलांडली की चुका दर पावलाला वाढत जातात, आकडे अनावर होतात, आणि पडद्यावरचे पाणी स्फोट झाल्याप्रमाणे दाही दिशांना उधळते. निक फॉस्टर आणि दिमित्री मेटॅक्सस यांनी १९९६ साली हार्लोची रीत चित्रणाच्या प्रांतात आणली, तेव्हा ही शिस्तही तिच्याबरोबर आली. १९९९ साली जोस स्टॅम यांनी ‘स्टेबल फ्लुइड्स’ नावाचा निबंध वाचला आणि ती शिस्त एका फटक्यात निकालात काढली. त्यांची युक्ती अशी. एखाद्या कोठ्यातले पाणी पुढच्या क्षणी कोठे जाईल असे विचारू नये; या कोठ्यात आता जे पाणी आले आहे ते क्षणापूर्वी कोठे होते, असे विचारावे, प्रवाहाच्या उलट दिशेने तेवढे अंतर मागे जावे, आणि तेथल्या आसपासच्या वेगांची सरासरी काढून ती येथे लिहावी. सरासरी ही मूळच्या सर्वांत मोठ्या आकड्यापेक्षा मोठी कधीच होत नाही. तेव्हा पाऊल केवढेही टाकले तरी स्फोट होणे अशक्य झाले. हवामानशास्त्रज्ञ ही रीत त्यापूर्वीपासून वापरीत होते. तिची किंमतही त्यांना ठाऊक होती : दर पावलाला सरासरी काढल्यामुळे लहान भोवरे झिजून जातात, आणि पाणी असावे त्यापेक्षा घट्ट, आळसावलेले दिसू लागते. एखाद्या अभियंत्याने या पद्धतीवर धरणाचा सांडवा बांधला तर त्याची चौकशी व्हावी. परंतु कलावंताच्या दृष्टीने थोडे आळशी पण कधीही न उधळणारे पाणी हे बिनचूक पण भरवसा नसलेल्या पाण्यापेक्षा शतपटीने मोलाचे होते. आणि माझ्या मते या सबंध विषयाच्या इतिहासात स्टॅम यांच्या या निर्णयाएवढा धाडसी निर्णय दुसरा नाही. नियम त्यांनी मोडला, तो कोठे मोडतो आहे हे पुरते जाणून मोडला, आणि निबंधात तसे सांगून मोडला.

पाण्याच्या आतला कारभार असा आटोक्यात आल्यावर पाणी कोठे संपते आणि हवा कोठे सुरू होते, हा सरहद्दीचा वाद उरला. ओशर आणि सेथियन यांनी १९८८ साली सुचविलेल्या रीतीप्रमाणे प्रत्येक कोठ्यात हद्दीपर्यंतचे अंतर नोंदवावे, पाण्याच्या बाजूला उणे आणि हवेच्या बाजूला अधिक, म्हणजे जेथे शून्य येईल ती सरहद्द. हिच्यातली खोड अशी की कोठ्यापेक्षा पातळ असलेली पाण्याची चादर किंवा थेंब या नोंदीत सापडत नाही, आणि सापडला नाही म्हणजे तो नाहीसाच होतो. पेल्यात ओतलेले पाणी पेला भरेपर्यंत घटते. स्टॅनफर्ड विद्यापीठात डग्लस एनराइट, स्टीफन मार्शनर आणि रॉन फेडकिव यांनी २००२ साली हद्दीच्या दोन्ही अंगांना कणांचा पहारा बसविला; जो कण चुकीच्या बाजूला आढळेल त्याच्या साक्षीने सरहद्द दुरुस्त करावयाची. काचेच्या पेल्यात पडणारे, उसळणारे, बुडबुडे धरणारे त्यांचे पाणी पाहिलेल्या मंडळींना यापुढे काही करावयाचे शिल्लक आहे असे काही दिवस वाटले नसावे.

शिल्लक होते. लॉस अलामोसमध्येच ब्रॅकबिल आणि रपेल यांनी १९८६ साली एक सुधारणा केली होती : वेगाची मालकी कणांकडेच ठेवावी, कोठ्यांकडे केवळ दाबाचा हिशेब करून घ्यावा, आणि कोठ्यातला नवा वेग कणाला न देता नव्याजुन्या वेगांतला फरक तेवढा द्यावा. एवढ्याशा बदलाने सरासरीची झीज थांबते आणि पाणी पुन्हा चपळ होते. चित्रणाच्या प्रांतात ही रीत योंगनिंग झू आणि रॉबर्ट ब्रिडसन यांनी २००५ साली आणली, आणि गंमत अशी की त्यांच्या निबंधाचा विषय पाणी नव्हताच; त्यांना वाळू वाहती करावयाची होती. आज या धंद्यातली माणसे ‘फ्लिप’ म्हणून जिचे नाव दिवसातून दहा वेळा घेतात, ती ही. कोठे अजिबात न पाडता नुसत्या कणांनी पाणी करण्याची जी तिसरी रीत आहे, ती १९७७ साली ताऱ्यांच्या घडणीचा अभ्यास करणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांनी काढली. अण्वस्त्रे, हवामान आणि तारे यांच्या दारातून उसना आणलेला हा सगळा संसार. यांपैकी एकाही मूळ कर्त्याच्या मनात एखाद्या नटीचे केस पुराच्या पाण्यात ओले करावेत असा विचार आलेला नसणार.

आता प्रकाशाविषयी. पाण्याची हालचाल कितीही बिनचूक साधली तरी त्यावर उजेड चुकीचा पडला की सगळे मेणासारखे दिसते. पृष्ठभागाकडे सरळ खाली पाहावे, तर पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम शेकडा दोन परत येतो आणि तळ दिसतो. क्षितिजाकडे पाहावे, तर तेच पाणी आरसा होते. या दोन टोकांमधले प्रमाण ओगुस्तँ फ्रेनेल यांच्या सूत्रांनी ठरते, आणि ते प्रत्येक बिंदूला काढल्यावाचून समुद्राचे चित्र उभे राहत नाही. या संदर्भात मुंबईच्या बंदराशी निगडित एक हकीकत सांगितल्यावाचून मला राहवत नाही. समुद्राचा निळा रंग म्हणजे केवळ आकाशाचे प्रतिबिंब, असे लॉर्ड रॅले यांच्यासारख्या मातब्बर शास्त्रज्ञाचे मत होते. चंद्रशेखर वेंकट रामन १९२१ साली ‘नारकुंडा’ बोटीने इंग्लंडहून परतत असताना, त्यांनी निकोलचा लोलक डोळ्याला लावून, ज्या कोनात परावर्तित प्रकाशाचे ध्रुवण पूर्ण होते त्या कोनातून समुद्राकडे पाहिले. लोलक योग्य तितका फिरविताच आकाशाचे प्रतिबिंब पुसले गेले, आणि उरलेला समुद्र निळाच होता. पाण्याचे रेणू स्वतः प्रकाश विखुरतात, या निष्कर्षाचे पत्र त्यांनी ‘नेचर’ नियतकालिकास पाठविले, त्यावर स्थळ मुंबई बंदर आणि तारीख २६ सप्टेंबर अशी आहे. तांबडा प्रकाश पाण्यात शोषला जातो, या कारणाला आज अधिक वजन देतात, ही गोष्ट निराळी. समुद्राचे चित्र करणारा आजचा कारागीर रामन यांनी लोलकाने केले तेच संगणकात करतो : वरचे प्रतिबिंब एका थरात, आतून आलेला रंग दुसऱ्या थरात, आणि दोन्ही वेगळे तपासून मग त्यांची बेरीज.

फेसाविषयी फार बोलत नाही, कारण तेथे सगळ्यांनीच हात टेकलेले आहेत. कोसळत्या लाटेतल्या बुडबुड्यांचा एकेक हिशेब करण्याची कोणाची ऐपत नाही. जेथे लाटेचा माथा वेगाने वळतो किंवा हवा कोंडली जाण्याचा संभव आहे तेथे पांढरे कण पेरावेत, अशा ठोकळ नियमांवर भागविले जाते, आणि बहुधा भागते.

खरी अडचण या सर्वांनंतर सुरू होते, आणि ती माणसाची आहे. दिग्दर्शकाला लाट हवी असते ती नटाच्या डाव्या अंगाने, त्याचे वाक्य संपल्यावर, आणि चेहरा न झाकणारी. नाविए आणि स्टोक्स यांच्या कायद्यात असा अर्ज दाखल करून घेण्याची तजवीज नाही. म्हणून प्रथम मोठ्या कोठ्यांवर स्वस्तातला कच्चा नमुना काढून तो मंजूर करून घेतात, आणि मग बारीक कोठ्यांवर पक्का करतात. तेव्हा या धंद्यातल्या प्रत्येकाच्या वाट्याला आलेला प्रसंग घडतो : कोठे बारीक होताच पाणी वेगळेच वागते. मंजूर झालेली उसळी उजवीकडे जाते, जेथे एक झोत होता तेथे तीन होतात, आणि सगळ्या मसलती पुन्हा पहिल्यापासून. कच्च्या नमुन्याच्या आकाराने पक्क्या पाण्याला बांधून ठेवण्याचे उपाय निघाले आहेत. त्यांनी पाणी हुकमात राहते आणि तसे ते हुकमात राहिल्याचे दिसूही लागते.

या फेऱ्यांचा खर्च कोणाच्या माथी, हा प्रश्न गणिताचा नसला तरी त्याला बगल देणे मला प्रशस्त वाटत नाही. अशी कामे बहुधा ठोक रकमेच्या मक्त्याने दिली जातात. दिग्दर्शकाचे मन दहा वेळा पालटले तरी मक्त्याची रक्कम सहसा पालटत नाही. लॉस एंजलिसच्या ‘रिदम अँड ह्यूज’ या संस्थेत टेसेनडॉर्फ काम करीत होते. तिच्या शाखा मुंबईत आणि हैदराबादेत होत्या, आणि आपल्याकडची कितीतरी मुले तेथे हे शास्त्र शिकली. २००८ साली ऑस्कर देणाऱ्या अकादमीने प्रवाही पदार्थांच्या सिम्युलेशनसाठी तीन संस्थांतील कर्त्यांना तांत्रिक पारितोषिके दिली, त्यांत ही एक होती. पुढे आंग ली यांच्या ‘लाइफ ऑफ पाय’ या चित्रपटासाठी तैवानमधील ताइचुंग येथे बांधलेल्या लाटांच्या हौदातले खरे पाणी जेथे संपे, तेथून क्षितिजापर्यंतचा सागर आणि होडीतला वाघ ही प्रामुख्याने याच संस्थेची करणी. फेब्रुवारी २०१३ मध्ये संस्थेने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला, आणि त्याच महिन्याच्या चोवीस तारखेला त्या चित्रपटाला दृश्य-परिणामांचे ऑस्कर मिळाले. सभागृहाबाहेर या व्यवसायातली माणसे निदर्शने करीत होती. आत पारितोषिक स्वीकारताना बिल वेस्टनहोफर हे संस्थेच्या आर्थिक हलाखीविषयी बोलू लागले, तोच वेळ संपल्याची खूण म्हणून वाद्यवृंदाने ‘जॉज’ या चित्रपटाचे संगीत सुरू केले आणि त्यांचा ध्वनिक्षेपक बंद झाला.

‘जॉज’मधला समुद्र खरा होता. १९७४ साली मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळच्या उघड्या पाण्यात तो टिपताना खाऱ्या पाण्याने यांत्रिक शार्क बिघडविला, क्षितिजावर परक्या होड्या येत राहिल्या, आणि पंचावन्न दिवसांचे चित्रीकरण एकशे एकोणसाठ दिवसांवर गेले. तो जादा खर्च युनिव्हर्सल कंपनीने सोसला. पाण्यावर त्याची जबाबदारी टाकावी असे कोणी सुचविले नाही.